बोटं मोडणाऱ्यांचा मुलूख

आमच्या बिदर जिल्ह्यात भांडायचं म्हटलं की आधी भाषा ठरवावी लागते. भालकीच्या बाजारात वांगी घेऊन बसलेली बाई मराठी, शेजारचा मिरचीवाला कन्नड, दोघांच्या मधून गाडा दामटणारा दखनी आणि जहिराबादेकडून आलेला टेंपोवाला तेलुगू. १९५६ साली राज्यं नव्यानं आखली तेव्हा निजामाच्या जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, जहिराबाद, नारायणखेड आंध्रात, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसुरात. आखणाऱ्यांनी गावं वाटली, भांडणं वाटायची राहून गेली.

तर गाड्याचं चाक वांग्यांवरून गेलं. बाईनं मराठीत तीन पिढ्या उद्धारल्या. गाडेवाल्याला त्यातली एकच पिढी कळली. त्यानं दखनीत उत्तर दिलं, ते मिरचीवाल्याला आपल्यालाच उद्देशून वाटलं. मग एखादा रिकामा माणूस मध्ये उभा राहून दुभाष्याचं काम करतो. हा माणूस फार घातक. तो अर्थ सांगताना पदरचं तिखट घालतो, आणि तरीही तोवर मूळ शिवी निवून गेलेली असते. शिवीचं कसं आहे, ती समजावून सांगावी लागली की वाया गेली. म्हणून आमच्याकडं चौथ्या-पाचव्या वाक्याला तोंड बाजूला होतं आणि हात पुढं येतो. हाताला दुभाषा लागत नाही.

साधं मनगट घ्या. तळहात वर करून मनगटाला एक हिसका दिला की 'काय?', 'कुठं?', 'येन?', 'क्या?' हे सगळे प्रश्न एका झटक्यात विचारून होतात. बसमधला कंडक्टर तिकीट फाडताना हेच करतो आणि आपण मुकाट्यानं गावाचं नाव सांगतो. पण तोच हिसका जरा वर, छातीच्या उंचीवर आणि भुवई उडवून दिला, की अर्थ होतो, 'तू कोण टिकोजीराव?' वीतभर उंचीचा फरक. या वीतभरावरून लग्नाच्या पंगतीत सोयरिकी तुटता तुटता राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. पोरांनी मोठ्यांपुढं हात हलवला की मराठी घरात 'हातवारे करून बोलू नको' म्हणतात आणि शेजारच्या दखनी घरात 'हात नचाको नक्को बोल'. हे सांगताना दोन्ही घरची मोठी माणसं स्वतःचे हात चांगले खांद्यापर्यंत नाचवत असतात.

या सगळ्यांत माझा आवडता ठेंगा. मूठ वळायची, अंगठा ताठ उभा करायचा आणि समोरच्याच्या नाकापुढं डावी-उजवीकडं हलवायचा. हलवणं महत्त्वाचं, नुसता उभा अंगठा म्हणजे अर्धवट काम. हा पोरकटपणा कुठून आला असेल म्हणून शोधायला जावं तर माणूस थेट शास्त्रात पोचतो. नंदिकेश्वराच्या नावावर असलेल्या 'अभिनयदर्पण' या नृत्यावरच्या संस्कृत ग्रंथात 'शिखर' नावाचा हस्त आहे. मूठ बंद, अंगठा वर. तो कशाकशासाठी वापरायचा याची यादी दिली आहे: खांब, निश्चय, दात, घंटेचा नाद, आणि चक्क 'नाही' असं म्हणणं. म्हणजे गोठ्यामागं उभं राहून आम्ही एकमेकांना 'पेरू देत नाही जा' असं सांगत होतो ते शास्त्रशुद्ध होतं. फक्त घुंगरू नव्हते. त्या यादीच्या सुरुवातीलाच नाव आहे ते मदनाचं, तेव्हा आपला ठेंगा अगदीच सोवळा आहे असंही कुणी समजू नये. त्याच ग्रंथात 'अर्धचंद्र' हस्त आहे. बोटं जुळवून अंगठा लांब ताणायचा. त्याचा एक उपयोग दिलाय तो गळा धरण्याचा. मराठीत आपण अर्धचंद्र देऊन माणसाला दाराबाहेर काढतो तेव्हा भरतनाट्यमच्या वर्गात शिकवतात तीच मुद्रा करत असतो, इतकंच की पुढचा माणूस टाळ्या वाजवत नाही.

ठेंग्याची खरी पंचाईत केली ती बाहेरच्या अंगठ्यानं. १९७७ साली कोकाकोला देशातून गेला आणि त्याच सुमारास बाटलीवर लाल अंगठा घेऊन थम्स अप आलं. पाव्हण्याला बाटली पाजायची ती ठेंगा दाखवून, हे आमच्या खेड्यातल्या म्हाताऱ्यांना कितीतरी वर्षं झेपलं नाही. मग मोबाइल आला. आमच्या काकांनी भालकीतल्या नव्या घराच्या वास्तुशांतीचं निमंत्रण सगळ्या भावकीला फोनवर धाडलं. पुण्याच्या पुतण्यानं उत्तरादाखल अंगठा पाठवला. काकांनी तो फोन मला दाखवला. "येणं होत नाही म्हणावं की सरळ. ठेंगा कशाला दाखवायचा?" मी समजावलं की हा होकाराचा अंगठा आहे. काका म्हणाले, "होकाराला मान हलते. अंगठा हलतो तो नकाराला." पुतण्या आला, जेवला, आहेर देऊन गेला. काकांनी त्याला पंगतीत शेवटपर्यंत तूप वाढू दिलं नाही.

आता मामी. माझी मामी भालकीजवळच्या खेड्यातली, आणि बोटं मोडण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. बोटं मोडणं ही आपल्याकडची एकमेव कृती असेल जी शापालाही चालते आणि आशीर्वादालाही. नातू बाळसेदार दिसला की मामी त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात उतरवायची, स्वतःच्या कानशिलांवर बोटं टेकवायची आणि कडाकड मोडायची. दृष्ट निघाली. आमच्या गल्लीतल्या मुसलमान आजी हेच करायच्या, त्याला त्या 'बलायां लेना' म्हणत. जितकी बोटं जास्त वाजतील तितकी नजर जास्त लागलेली होती, हे दोघींनाही मान्य. आणि तीच बोटं, तीच दहा, मामी पाठीमागच्या घराकडं तोंड करून हवेत मोडायची तेव्हा तिथली सासू खिडकी लावून घ्यायची. आम्हा पोरांना नुसत्या आवाजावरून कळायचं. मायेची बोटं एका दमात वाजतात. शापाची एकेक करून, मध्ये नाव घ्यायला जागा ठेवून.

बोटं मोडल्यानं सांधे बिघडतात असं घरोघरी सांगतात. अमेरिकेतल्या डोनाल्ड अंगर नावाच्या डॉक्टरांनी साठाहून अधिक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही, आणि शेवटी दोन्ही हात पाहून सांगितलं की कुठंच संधिवात नाही. त्यांना २००९ साली गमतीचं इग नोबेल मिळालं. इतकी वर्षं कुणाच्या नावानं मोडत होते ते मात्र शास्त्रज्ञांनी विचारलं नाही. मामीनं पहिला प्रश्न तोच विचारला असता.

बोंबेची गोष्ट निराळी. पालथा हात तोंडावर आपटून काढलेला तो आवाज आम्ही मराठीत 'बो बो' ऐकतो आणि कन्नड माणूस 'लबो लबो'. शिमग्याला पोरांना हे माफ. त्यामागं भविष्यपुराणात ढुंढा राक्षशिणीची कथा आहे. ती लेकरांना छळायची, आणि कशालाही न घाबरणारी ही बाई पोरांच्या आरडाओरड्याला आणि अचकटविचकट बोलण्याला मात्र घाबरली. पण एरवी कुणी आपल्या नावानं बोंब मारली तर पोटात गोळा येतो, त्याचं कारण शिमग्यात नाही, स्मशानात आहे. चितेभोवती फिरून पाण्याचं मडकं फोडलं की मुलगा पालथ्या हातानं बोंब मारतो. जिवंत माणसाच्या नावानं तेच करायचं म्हणजे त्याची उत्तरक्रिया आगाऊ उरकायची. आमच्या आजीला तर हा शब्दही दिवेलागणीला चालत नसे, ती 'शंख केला' म्हणायची.

आणि एवढ्या भयंकर गोष्टीचं आता आंदोलन झालं आहे. पीकविमा मिळाला नाही, पाणी सुटलं नाही, रस्ता झाला नाही, की सीमेच्या अलीकडं-पलीकडं दोन्ही बाजूंना लोक सरकारी कचेरीपुढं तोंडावर हात मारत उभे राहतात. सोबत पोलीस बंदोबस्तही असतो. साहेबाच्या नावानं भर दुपारी दारात उत्तरक्रिया चालते आणि साहेब बाहेर येऊन निवेदन स्वीकारतात, फोटोही काढू देतात. एवढा सोशिकपणा मी दुसऱ्या कुठल्या राज्यव्यवस्थेत ऐकला नाही. निवेदनाचं पुढं काय होतं? त्याला ठेंग्याचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

इथवर आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपले बहुतेक उद्धट हातवारे मुळात उद्धट नाहीतच. कुणी देवघरातून उचललाय, कुणी स्मशानातून, कुणी नाट्यगृहातून, आणि वापरलाय चुकीच्या माणसावर. साधा नमस्कार बघा. छातीशी हात जोडले की आदर. कोपरापासून जोडले की 'बाबा, तुझ्यापुढं हात टेकले, पुन्हा दारात येऊ नको'. याला शिवी म्हणून पकडायची सोयही नाही, कारण माणूस दिसायला नमस्कारच करत असतो.

उघडा पंजा तर आमच्याकडं भलताच पवित्र. मोहरमला पीर बसतात, मिरवणुकीत धातूचे पंजे उंच धरतात आणि खेड्यांत हिंदू घरांतूनही मलिदा जातो. निवडणुकीत काँग्रेसचा हात असतोच, १९७८पासून. २०२२ साली त्या पक्षाचे अध्यक्ष झालेले मल्लिकार्जुन खर्गे आमच्या भालकी तालुक्यातल्या वरवट्टीचे. हाच उघडा पंजा ग्रीस देशात बोटं फाकवून समोरच्याच्या तोंडापुढं धरला तर मारामारी होते. जुन्या बायझंटाइन काळात गुन्हेगाराच्या तोंडाला काळं फासून गाढवावरून धिंड काढत, ती काजळी फासण्याचा हा अभिनय, असं तिकडं सांगतात. म्हणजे धिंडीची पद्धत तंतोतंत आपलीच निघाली, फक्त तिची आठवण त्यांनी तळहातात ठेवली. आमच्याकडचा एखादा उमेदवार प्रचारात हात दाखवत चुकून अथेन्सच्या चौकात निघाला तर अनामत रकमेपेक्षा दात आधी जातील.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. बसस्टँडवर, कॉलेजच्या फाटकाशी बायका-मुलींकडं बघून जे हातवारे होतात ते या लेखात घेतलेले नाहीत. त्यांची दखल भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९नं घेतली आहे, तिथं हावभावाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि ती जागा योग्य आहे.

राहिलं मधलं बोट. हे आमच्याकडं सिनेमातून आलं, त्याचं मूळ मात्र फार जुनं. इसवी सनापूर्वी ४२३ मध्ये अथेन्सला झालेल्या ॲरिस्टोफेनिसच्या नाटकात त्यावर विनोद आहे. डेमॉस्थेनिस हा मोठा वक्ता कोणता, असं परगावच्या पाहुण्यांनी विचारलं तेव्हा डायोजेनिसनं मधलं बोट करून तो दाखवला, अशी आख्यायिका आहे. रोमन लोक त्याला निर्लज्ज बोट म्हणत. एवढी मोठी परंपरा असून मला ते आळशी वाटतं. ना आवाज, ना नाव घ्यायला जागा, ना मनगटाला काम. ठेंग्याला निदान हलवण्याचं कौशल्य लागतं.

मामीचा नातू सातवीत असताना हे बोट शिकून आला. टीव्हीवरून वाद झाला आणि त्यानं ते थेट आजीला दाखवलं. घरातली शिकलेली माणसं गोठून गेली. मामी चष्मा लावून जवळ गेली, बोट धरून निरखून पाहिलं आणि म्हणाली, "काटा भरला का रं? मधल्यातच बरा भरला." पोराला नाही म्हणायची सोय नव्हती, कारण मग अर्थ सांगावा लागला असता. मामीनं सुई तापवून काटा शोधला. सापडला नाही तेव्हा आत मुरला असणार असं ठरवून हळद-तेल गरम करून लावलं आणि वाकू नये म्हणून काडी घालून जुन्या लुगड्याच्या चिंधीनं घट्ट बांधलं. पुढचे काही दिवस तो तसाच, ताठ बोट घेऊन शाळेत गेला. गुरुजींना दाखवलं, पिठाच्या गिरणीवाल्याला दाखवलं, मारुतीच्या पारावर बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ओळीनं दाखवलं. प्रत्येकानं थांबवून मायेनं विचारलं, "लई ठणकतंय का रं?"