निसान कंपनीस अनावृत पत्र

प्रति,
निसान मोटर कंपनी,
योकोहामा, जपान



पत्रास कारण की, ब्रिटनमधल्या तुमच्या जुन्या लीफ गाड्यांचं मोबाइल ॲप तुम्ही १ एप्रिल २०२४ रोजी बंद केलंत. आधी मुहूर्ताला दाद देतो. गिऱ्हाइकाला वर्षभर कधीही मूर्ख बनवणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. त्यासाठी राखून ठेवलेल्या दिवसाची वाट पाहणारी तुमच्यासारखी शिस्तप्रिय कंपनी विरळाच.

तसं पाहिलं तर तुमचं-माझं काही देणंघेणं नाही. लीफ तुम्ही आमच्याकडे विकायला आणलीच नाहीत. पण २०१० च्या डिसेंबरात सर्वसामान्यांसाठी विजेची गाडी बाजारात उतरवून तुम्ही जगाला वळण लावलंत. आता ती गाडी म्हातारी झाल्यावर तिच्याशी कसं वागावं, याचंही वळण तुम्हीच लावताय. तेव्हा चौकशी करणं आलं.

२०१६ पर्यंत बनलेल्या या गाड्यांच्या मालकांना घरबसल्या फोनवर काय करता येत होतं? बॅटरी किती भरली ते पाहणं, चार्जिंग सुरू करणं आणि निघण्याआधी गाडी आतून गरम करून ठेवणं. हे शेवटचं काम तुम्हाला श्रीमंती चोचला वाटलं असावं. खरं तर तुमच्यापेक्षा हे कोणाला जास्त ठाऊक! पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता हीटरला फुकटात मिळते. विजेच्या गाडीत तीच ऊब बॅटरीतून काढावी लागते. पहिल्या लीफची बॅटरी २४ युनिटांची, आणि अमेरिकी सरकारी मोजणीत एका चार्जिंगमध्ये तिची धाव ७३ मैल, म्हणजे जेमतेम ११७ किलोमीटर. त्यात वय झालेली बॅटरी आणि स्कॉटलंडचा जानेवारी. गाडी प्लगला लावलेली असतानाच गरम केली, तर ती वीज घरातून जाते आणि बॅटरी भरलेली राहते. म्हणजे हे बटण दाबलं की कामावर जाऊन परत यायची खात्री वाढत होती.

यावर तुमचा खुलासा मोठा गोड आहे. काळजी नको, गाडीतल्या पडद्यावर टायमर लावता येतोच! वा! सकाळी गार गाडीत बसावं लागू नये म्हणून रात्रीच गार गाडीत जाऊन बसायचं, उद्या किती वाजता निघणार ते तिला सांगायचं, आणि मग शब्दाला जागायचं. सकाळी पोराला ताप आला आणि बेत बदलला, तर रिकामी गाडी ठरल्या वेळी तापेल. निदान कोणीतरी वेळ पाळल्याचं समाधान.

आता कारण. गाडी ज्यावरून ॲपशी बोलते ते टू-जी नेटवर्क जाणार, म्हणून ॲप बंद, असं तुम्ही सांगितलंत. इथे मात्र मी अडखळलो. ब्रिटनच्या सरकारने आणि मोबाइल कंपन्यांनी मिळून टू-जीला निरोप द्यायला २०३३ पर्यंतची मुदत ठरवली आहे. म्हणजे पाहुणा अजून नऊ वर्षं राहणार होता आणि तुम्ही त्याची गादी गुंडाळून मोकळे झालात. त्याच देशात घराघरांत बसवलेले किती तरी स्मार्ट वीजमीटर याच जुन्या नेटवर्कवरून आकडे पाठवत असतात. गाडीने किती वीज खाल्ली हे मीटर बिनबोभाट कळवतो; गाडीला मात्र तोंड उघडायची बंदी.

आणि समजा नेटवर्क खरंच उद्या जाणार असतं, तरी गाडीत टू-जी मोडेम कोणी घातला? मालकाने? ब्रिटनमध्ये थ्री-जी २००३ साली आलं, फोर-जी २०१२ साली. संडरलंडच्या कारखान्यात तुम्ही लीफ बनवायला लागलात २०१३ मध्ये. म्हणजे बाहेर चौथी पिढी नांदत होती आणि तुम्ही नव्याकोऱ्या गाडीत दुसऱ्या पिढीचा सुटा भाग ठोकत होता. स्वस्त पडला असेल. धंदा आहे, समजू शकतो. पण त्या स्वस्ताईचं बिल दहा वर्षांनी गिऱ्हाइकाच्या दारात, तेही ‘तंत्रज्ञान पुढे गेलं’ असा सुस्कारा टाकत? आणि ते दार बहुधा पहिल्या मालकाचं नसतंच. नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनी लीफ घेणाऱ्याचं असतं.

अमेरिकेतला तुमचा प्रयोग तर याहून सरस. तिथे एटी अँड टी कंपनीने २०१७ च्या सुरुवातीला टू-जी बंद केलं. ॲप हवं असेल तर थ्री-जीचा मोडेम बसवून घ्या, असा मार्ग निघाला. ज्यांनी तो बसवला, त्यांचं थ्री-जी २०२२ च्या फेब्रुवारीत गेलं. एवढ्या वेळात तुमच्या कोणाही इंजिनिअरला बसस्टॉपवरच्या माणसाच्या हातातला फोन दिसला नाही? २०१७ साली तो फोर-जी वापरत होता हो.

तुम्हाला सर्व्हर बंद करता येत नाही, असा माझा आरोप नाही. उलट, सराव आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञाने दाखवून दिलं की तुमच्या लीफच्या ॲपला पासवर्ड वगैरे लागतच नाही; काचेतून दिसणारा गाडीचा चासी नंबर पुरतो. त्याने ऑस्ट्रेलियात बसून इंग्लंडमधल्या मित्राच्या लीफचा एसी चालू करून दाखवला. तेव्हा तुम्ही ॲप बंद केलंत आणि ते योग्यच केलंत. गंमत एवढीच, की तेव्हा जगातल्या कोणालाही ती गाडी गरम करता येत होती. आता मालकालाही येत नाही. सुरक्षा याहून कडक ती काय असणार!

फ्लॅट विकल्यावर जिन्यातल्या दिव्याचं बटण स्वतःच्या नव्या घरात ठेवणारा बिल्डर मी अजून पाहिलेला नाही, आणि आमच्याकडचे बिल्डर काय काय करतात ते तुम्हाला ठाऊक नसेल. पूर्ण किंमत वसूल केलेल्या वस्तूचं बटण योकोहामात राहतं, हे शोरूममध्ये कोणी सांगितलं होतं?

आमच्याकडेही हल्ली पुण्या-मुंबईच्या शोरूममध्ये सेल्समन फोन काढून दाखवतो, ‘सर, मे महिन्याच्या उन्हात उभी गाडी घरूनच गार!’ गाडीतलं सिम किती वर्षं चालणार, असं विचारलं की तो मॅनेजरला बोलावतो, आणि मॅनेजर चहा मागवतो. आमच्या देशात एअरटेलने २०२० मध्ये थ्री-जी गुंडाळलं आणि जिओने तर टू-जी, थ्री-जी कधी आणलंच नाही. नेटवर्क येतात-जातात, हे आम्हाला शिकवायला नको. गाडी मात्र आम्ही पंधरा वर्षांच्या हिशेबाने घेतो.

तुम्ही हात झटकल्यावर काम अडलं, असंही नाही. ओव्हीएमएस नावाचा एक ओपन सोर्स प्रकल्प आहे. हौशी मंडळींनी उभारलेला. त्याची डबी लीफला जोडली, की दुरून बॅटरी दिसते, चार्जिंग सुरू होतं, गाडी गरमही होते. फावल्या वेळातल्या लोकांना जे जमतं ते जागतिक कंपनीला खर्चिक वाटतं, यात तुमच्या हिशेबनिसाचं कौशल्य आहे.

तेव्हा मागणी दोनच गोष्टींची. दुधाच्या पिशवीवर तारीख असते. गाडीच्या ॲपवरही छापा, किमतीच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत. आणि पुढच्या वेळी सर्व्हर बंद कराल, तेव्हा गाडीशी बोलायची रीत जाहीर करून टाका, म्हणजे ज्यांना हौस आहे ते स्वतःचा सर्व्हर चालवतील. तुमचा एक येनही खर्च होणार नाही. तरीही नकार असेल, तर तो कोणत्या कारणासाठी आहे, तेवढं लेखी कळवावं.

आपला,
शोरूममध्ये चहा पिऊन परत आलेला एक गिऱ्हाईक