जुन्या मैदानाच्या निष्ठावंताने फिर्याद कशी मांडावी

ज्या गृहस्थाने आपले उभे आयुष्य शिकागो शहरातील रिग्ली फील्ड या बेसबॉलच्या मैदानावर कब्ज संघाचे पराभव एकनिष्ठेने पाहण्यात व्यतीत केले, आणि ज्यास अलीकडे तेथील प्रत्येक सुधारणा ही आपल्या वडिलोपार्जित मिळकतीवरील अतिक्रमण वाटू लागली आहे, त्याच्या उपयोगार्थ पुढील सूचना लिहिल्या आहेत. संताप उत्स्फूर्त असावा, हा नवशिक्यांचा गैरसमज होय. मुरलेल्या निष्ठावंताचा संताप एखाद्या संस्थानी दफ्तराप्रमाणे सालवार लावलेला, रुमालात बांधलेला आणि मागताक्षणी काढून दाखवता येण्याजोगा असतो.

सर्वप्रथम ऱ्हासाचा प्रारंभ कोणत्या सालापासून धरावयाचा, हे मुक्रर करावे. दहा-बारा वर्षांचे असताना वडिलांचे बोट धरून आपण ज्या मैदानात शिरलो तेच सनातन, आणि तदनंतर घडले ते सारे भ्रष्ट, अशी वहिवाट आहे. त्यामागील इतिहास मात्र चुकूनही उकरू नये. उकरल्यास असे निष्पन्न होते की, हे मैदान १९१४ साली बांधले गेले ते मुळी कब्जसाठी नव्हे, तर अल्पावधीतच बुडालेल्या फेडरल लीगमधील एका संघासाठी. कब्ज तेथे आले १९१६ मध्ये. ज्या आयव्हीच्या वेलींनी झाकलेली विटांची भिंत पाहून आपला कंठ दाटून येतो, त्या वेली १९३७ साली मुद्दाम शोभेसाठी लावलेल्या, हाताने आकडे बदलण्याचा हिरवा धावफलकही त्याच सालचा. आणि जाहिरातबाजीचा धिक्कार करताना आपण ज्या पवित्र नामाची आण घेतो, ते नाव च्युइंगम विकून गबर झालेल्या मालकाचे.

दिव्यांच्या प्रकरणी विशेष सावधगिरी बाळगावी. इतर संघांकडे रात्रीचे सामने रुळून कित्येक दशके लोटली तरी येथे बेसबॉल सूर्यप्रकाशातच खेळला जाई. ८ ऑगस्ट १९८८ रोजी अखेर दिवे लागले, आणि चौथा डाव पुरा होण्याआधीच असा पर्जन्य कोसळला की सामना सोडून द्यावा लागला. या घटनेस ईश्वरी मनाईहुकूम म्हणून कैफियतीत अग्रस्थान द्यावे. दुसऱ्याच रात्री त्याच दिव्यांखाली सामना यथासांग पार पडला, हा मजकूर परिशिष्टात घालावा, आणि साधल्यास ते परिशिष्ट गहाळ करावे. तत्कालीन मालकाने दिव्यांची सामग्री १९४१ सालीच खरेदी केली होती व पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर ती युद्धकार्यास देऊन टाकली, असे कोणी सांगू लागल्यास, म्हणजेच आपली ती प्राचीन परंपरा जपानी आरमाराची मेहेरबानी होती असे ध्वनित होऊ लागल्यास, कामाचे निमित्त सांगून उठावे.

२०१५ साली डाव्या बाजूस उभा राहिलेला अवाढव्य व्हिडिओ-फलक हे तक्रारीचे सर्वांत सुपीक क्षेत्र होय. येथील रिवाज असा की, प्रतिपक्षाचा होम रन उघड्या बाकांवर आला तर तो चेंडू तुच्छतेने मैदानात परत भिरकावावा. फलकाविषयी ही सोय नाही, याची खंत अवश्य व्यक्त करावी. तथापि रस्त्यापलीकडील गच्च्यांचा देखावा हिरावला गेला म्हणून अश्रू ढाळण्यापूर्वी थोडा विचार करावा. ज्या गच्चीवर पूर्वी घरमालक खुर्ची टाकून फुकट सामना पाही, तेथे कालांतराने बाकांच्या पायऱ्या चढल्या, तिकिटे विकली जाऊ लागली, २००४ च्या तहान्वये त्या उत्पन्नाचे सतरा टक्के संघास पोहोचते झाले, पुढे फलकावरून कज्जा कोर्टात गेला, आणि त्याच सुमारास त्यांतल्या कित्येक गच्च्या संघाच्या मालकांनीच खरेदी केल्या.

पुरुषांच्या शौचालयातील लांबलचक सामायिक पन्हळ नूतनीकरणातूनही बचावली आहे. तिचा उल्लेख आदराने करावा.

माझ्या मते या साऱ्या दफ्तरात एकच फिर्याद बिनतोड आहे. पूर्वी एखादा कारकून दुपारी कचेरीतून सटकून, फाटकावर किरकोळ पैशांत तिकीट काढून, उघड्या बाकांवर उन्हात अंग शेकीत बसू शकत असे. आज त्याच मैदानाच्या पोटात धनिकांसाठी खास दिवाणखाने झाले असून त्या कारकुनास आधी घरखर्चाची वही उघडावी लागते. नवल असे की, निष्ठावंत या कलमावर सर्वांत कमी बोलतो. कारण त्यात वेली नाहीत.

सर्वांत बिकट प्रसंग विजयाचा. १९०८ नंतर तब्बल १०८ वर्षांनी, २०१६ साली, मैदानाची मोडतोड ऐन भरात असताना, संघाने वर्ल्ड सीरिज हे अजिंक्यपद जिंकले, आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले दुःख एका रात्रीत निराधार झाले. अशा वेळी प्रथम मनसोक्त रडून घ्यावे, तेवढी मुभा आहे. नंतर निर्णायक सामना क्लीव्हलँडला झाला, रिग्ली फील्डवर नव्हे, हा मुद्दा शांतपणे पुढे मांडावा, आणि पराभवाच्या काळात बाकांवर भेटणारी माणसे अधिक खानदानी होती, असे पुस्ती जोडून सांगावे.

आता शेवटची ताकीद. आपण यापुढे त्या फाटकात पाऊल टाकणार नाही, अशी प्रतिज्ञा दर हंगामाअखेर खुशाल करावी, ती चारचौघांत करावी, शक्य तर लेखी करावी. परंतु हंगामाच्या तिकिटाचा हप्ता मुदतीच्या आत भरून टाकावा. प्रतीक्षायादी फार लांब आहे, आणि आपल्यामागे तीत जो कोणी उभा आहे, त्यास तो फलक आवडतो.