शीतकपाटाची कैफियत

हॅरो, लंडन
ता. २६ मार्च २०२३

तीर्थस्वरूप बाबांच्या चरणी बालकाचे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले पत्र पावले. ‘विजेचे बिल फार येते’ असे एक वाक्य गेल्या पत्रात माझ्या हातून सहज लिहून गेले, त्यावर आपण चार पृष्ठांचा खुलासा मागवाल हे, विद्युत मंडळाच्या बिल शाखेत एकतीस वर्षे काढलेल्या गृहस्थाचा मी पुत्र असूनही, माझ्या ध्यानी येऊ नये याचे नवल वाटते. हुकुमाप्रमाणे तपशीलवार कैफियत सादर करतो.

प्रथम दर. गेल्या ऑक्टोबरच्या १ तारखेपासून येथील सरकारने घरगुती विजेचा भाव बांधून दिला आहे. तो सरासरीने युनिटला ३४ पेन्स पडतो. पौंडाचे शंभर रुपये धरले, तर ३४ रुपये. (आईला हा आकडा जेवणे उरकल्यावर सांगावा.) शिवाय घराला कुलूप घालून काशीस गेले तरी रोजचे सुमारे ४६ पेन्स चुकत नाहीत, हा आपल्याकडच्या ‘स्थिर आकारा’चाच भाऊबंद असल्याने बिलावर तो प्रथम दिसला तेव्हा परमुलखात गाववाला भेटावा तसे मला झाले.

आता आरोपी. ओट्यावर वीज कंपनीने दिलेला एक चिमुकला पडदा आहे; चहाची किटली लावली की तो तांबडा होतो आणि चिरंजीव आरोळी ठोकतात. परंतु किटलीचा अपराध तीन मिनिटांचा. घरातील सर्व माणसे निजल्यावरही जागा राहून अंधारात गुरगुरणारा असा इसम एकच, म्हणून माझा संशय फ्रिजवर गेला. आपण १५० वॅटला चोवीस तासांनी गुणून त्याच्या नावे रोजचे ३.६ युनिट टाकलेत. गुणाकार बिनचूक आहे, पण कॉम्प्रेसर अखंड चालतच नाही. आत हवी तेवढी थंडी झाली की थर्मोस्टॅट त्याला थांबवतो, ऊब वाढली की पुन्हा हाक मारतो. अर्थात तो चोवीस तास कचेरीत हजर असतो, काम मात्र अधूनमधून करतो. (ही उपमा कोणाही सेवानिवृत्तास उद्देशून नाही.) प्लग आणि सॉकेट यांच्या मध्ये लावायचा एक मीटर शेजाऱ्यांकडून उसना आणून मी एक अहोरात्र नोंद घेतली, तेव्हा ०.७ युनिट, म्हणजे सुमारे २४ पेन्स भरले. ‘रात्री बंद ठेवावा’ ही आपली सूचना तूर्त तहकूब ठेवली आहे, कारण रात्री आत शिरलेली ऊब सकाळी उपसावीच लागते आणि दरम्यान दूध नासण्याची जोखीम आपल्या पदरी.

खरा गुन्हेगार गॅरेजमध्ये निघाला. मागच्या घरमालकाने घराबरोबर आंदण दिलेला तो जुनाट फ्रिज ऑक्टोबरात रोज १.६ युनिट रिचवीत होता: दिवसाला ५४ पेन्स, वर्षाला १९८ पौंड, आपल्या भाषेत वीस हजार रुपये! आणि हे कशासाठी, तर गौरींच्या वेळचा पुरणाचा गोळा, खवलेल्या नारळाच्या सात पिशव्या, हात लावताच चुरा होणारा कढीपत्ता, आणि आमरसाचे चार डबे, ज्यांवर सौभाग्यवतीने जुन्या बिलाच्या पाठकोऱ्या तुकड्यांवर तिथीवार चिठ्ठ्या डकवल्या होत्या, यांची बडदास्त ठेवण्यासाठी. मी दाराचे रबर पुसले, मागच्या जाळीची धूळ झाडली, आणि मीटर तेथे कायमचा नेमला.

डिसेंबरात चमत्कार झाला. खप उतरत उतरत रोजच्या ०.१ युनिटावर आला. मी हे यश सर्वस्वी धूळ झाडण्याच्या खाती जमा करून दोन-तीन मित्रांना फोनवरून काटकसरीवर प्रवचनेही दिली. ११ तारखेच्या रात्री लंडनमध्ये बर्फ पडला. त्यानंतर दोन दिवसांनी सौभाग्यवती नारळ आणण्यास गॅरेजमध्ये गेली आणि तेथूनच तिने मला माझ्या पूर्ण नावाने हाक मारली. फ्रिजच्या दाराखालून केशरी ओघळ निघून माझ्या सायकलच्या चाकापर्यंत पोहोचला होता.

कारण ऐकून आपण हसाल. या जातीच्या फ्रिजला थर्मोस्टॅट एकच, आणि तोही खालच्या कप्प्यात. त्याला चार-पाच अंश मिळाले की तो संतुष्ट. गॅरेजमध्येच दोन अंश, तेव्हा त्याने कॉम्प्रेसरला हाक मारण्याचे प्रयोजनच उरले नाही, आणि वरचा फ्रीझर, ज्याला उणे अठरा हवे, तो वितळत वितळत गॅरेजच्या बरोबरीस आला. थोडक्यात, थंडी पडल्यामुळे आमचा बर्फ वितळला. यावर इलाज म्हणून फ्रिजला ऊब देणारा एक छोटा हीटर बाजारात मिळतो. म्हणजे तापवण्यासाठी वीज जाळावी, की ज्यायोगे त्याला थंड करण्यासाठी वीज जाळण्याची बुद्धी व्हावी. हा प्रस्ताव घरात बहुमताने फेटाळला गेला. त्याच संध्याकाळी, सण नाही वार नाही, अकरा माणसांना पुरणपोळीचे आमंत्रण गेले, आणि नारळ संपावा म्हणून आठवडाभर आम्ही सोलकढीपासून वड्यांपर्यंत सर्व काही खाल्ले.

तेव्हापासून तो फ्रिज बंद असून दार किलकिले करून ठेवले आहे. वर्षाचे वीस हजार वाचले, असे आपल्या वहीत माझ्या नावे लिहावे. आईस साष्टांग नमस्कार.

आपला आज्ञाधारक.

ता. क. ती. मामंजींस सा. न. पाकीट मी बंद करते आहे म्हणून दोन ओळी. गॅरेजमध्ये आता बारा अंश असतात आणि परवापासून तो फ्रिज मी पुन्हा सुरू केला आहे. ह्यांना अजून पत्ता नाही, कारण मीटर शेजाऱ्यांनी परत नेला. मे महिन्यात येणाऱ्या पाहुण्यांबरोबर सासूबाईंनी ओले काजू पाठवावेत, जागा भरपूर आहे. वीस हजार वहीत पेन्सिलीनेच लिहावेत.