पाट्या मोजणाऱ्यांसाठी चार शब्द

मार्च सरला की कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागाला दरवर्षी एका साथीची चाहूल लागते. कर्मचाऱ्यांचं कामात मन नाही, हे निदान. आणि निदान झालं की लगेच उपचार. चाळीस जणांना एका बसमध्ये घालून मुळशीच्या रिसॉर्टवर नेतात, तिथे हिशेब विभागातल्या पन्नाशीच्या गृहस्थांना दोरीच्या पुलावरून चालायला लावतात आणि ते पलीकडे धडधाकट पोचले की संघभावना वाढल्याची नोंद करतात. शुक्रवारी पिझ्झा येतो. पाठोपाठ तासावर बिदागी घेणारे व्याख्याते येतात आणि गरुडाची गोष्ट सांगतात. चाळिशीत गरुड म्हणे डोंगरावर जातो, जुनी चोच दगडावर आपटून तोडतो आणि नवी चोच फुटली की आणखी तीस वर्षं जगतो. प्रत्यक्षात चोच मोडलेला गरुड उपाशी मरतो. हे सभागृहातल्या निम्म्या लोकांना ठाऊक असतं, पण कोणी बोलत नाही, कारण प्रश्न विचारला की व्याख्यान लांबतं. एवढं तारतम्य ज्यांच्याकडे आहे, त्यांनाच कंपनी निरुत्साही म्हणते.

आजार खोटा आहे असं मात्र नाही. गॅलप ही संस्था जगभर त्याची मोजदाद करते. तिच्या २०२५ च्या अहवालानुसार आदल्या वर्षी जगातले अवघे २१ टक्के कर्मचारी कामात मनापासून गुंतलेले होते. त्याआधीच्या वर्षी ते २३ टक्के होते. व्यवस्थापकांचा आकडा ३० वरून २७ वर उतरला. म्हणजे इतरांत उत्साह भरण्याची जबाबदारी ज्यांच्यावर, त्यांच्यातल्या चारांपैकी तिघांकडे तो स्वतःपुरताही नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण या म्हणीचं बिल कोणी पाठवत नाही, म्हणून ती कोणी मनावर घेत नाही. गॅलपची प्रश्नावली बारा प्रश्नांची. माझ्याकडून काय अपेक्षा आहे ते मला माहीत आहे का, कामाला लागणारी साधनं मिळतात का, गेल्या सात दिवसांत कोणी कौतुक केलं का, ऑफिसात जिवलग मित्र आहे का, असे ते प्रश्न. नीट पाहिलं तर पेपर बहुतांशी साहेबांचा आहे. नापास मात्र हाताखालचे होतात. आणि बारांत पगाराबद्दल एकही प्रश्न नाही. त्यामागे संशोधकांचा विचार आहे: पगार सगळ्यांनाच कमी वाटतो, त्यामुळे त्यावरून चांगला गट कोणता आणि वाईट कोणता हे ओळखता येत नाही. कंपन्यांनी त्यातून सोयीचं तेवढं घेतलं. विचारलं नाही, म्हणजे संबंध नाही. त्यांची स्वतःची पाहणी तर निनावी असते. फक्त विभाग, हुद्दा, वय, स्त्री की पुरुष आणि नोकरीची वर्षं एवढंच लिहायचं. त्या वर्णनाचा माणूस अख्ख्या मजल्यावर एकच असतो, आणि तो मुकाट्याने ‘अत्यंत समाधानी’पुढे खूण करतो.

मराठीने या आजाराला फार पूर्वीच नाव दिलं आहे: पाट्या टाकणं. माती वाहणारा मजूर पाटी आणतो, रिकामी करतो, पुन्हा भरायला जातो. धरण बांधलं जातंय की खड्डा बुजवला जातोय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, कारण त्याची दखल घेणारा एकच माणूस तिथे उभा असतो आणि तो पाट्या मोजत असतो. आपण या वाक्प्रचारातला सगळा दोष टाकणाऱ्याच्या माथी मारला; मोजणारा अलगद सुटला. माझं म्हणणं एवढंच आहे की जिथे पाट्या मोजतात तिथे पाट्याच पडतात. जीव ओतण्यासाठी मोजणाऱ्याच्या वहीत रकाना नसतो. रकाना नसलेली वस्तू वर्षानुवर्षं फुकट देणारा माणूस कंपनीत उत्साही ठरतो आणि घरी खुळा. निरुत्साही कर्मचारी आजारी नसतो. त्याने नेमणूकपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं असतं. त्यात कामाचे तास आहेत, नव्वद दिवसांची नोटीस आहे, गुप्ततेची अट आहे. सळसळत्या उत्साहाचं कलम कुठेच नाही. रुजू होताना ‘आपण एक कुटुंब आहोत’ म्हणणारी कंपनी पगारवाढीच्या दिवशी ‘बाजारात काय चाललंय ते बघा’ म्हणते. तो बिचारा तेच बघतो, फक्त वर्षभर.

हा हिशेबीपणा आजच्या पोरांनी मोबाइलवरून उचलला, असा ज्येष्ठांचा समज आहे. त्यांनी शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात डोकवावं. तिथे नोव्हेंबर १९३१ पासून संशोधकांनी चौदा कामगारांना वेगळ्या खोलीत बसवून त्यांचं काम न्याहाळलं. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या स्विचांचे संच जोडायचे आणि मजुरी गटाच्या उत्पादनावर, म्हणजे जास्त जोडा, जास्त घ्या. हिशेबाने चौदाही जणांनी झपाटल्यासारखं काम करायला हवं होतं. त्यांनी आपापसांत दिवसाला माणशी दोन संच असा नेम ठरवून टाकला. त्यापुढे जाणाऱ्याच्या दंडावर शेजारी गुद्दा हाणायचा. फारच मागे राहणाऱ्यालाही बोल लागायचे. आज जास्त केलं की उद्या तोच नेम होतो, मग नगाचा दर उतरतो आणि मग चौदांऐवजी दहाच पुरतात, अशी त्यांची धास्ती होती. संशोधकांनी याला तर्कापेक्षा भावनेचा खेळ मानलं. मे १९३२ मध्ये मंदीमुळे खोलीतलं कामच आटलं आणि प्रयोग गुंडाळावा लागला. काम संपू शकतं, ही त्या चौदा जणांची ‘भावना’ इतकी अचूक होती की आजच्या एखाद्या कंपनीने त्यांना अंदाजपत्रक करायला बसवलं असतं.

मालक नसलेल्या देशात वेगळं घडलं असेल, असं कोणाला वाटत असेल तर तिथेही पाट्याच मोजत होते. ३१ ऑगस्ट १९३५ रोजी सोव्हिएत संघातल्या डोनबासच्या खाणीत अलेक्सेई स्टाखानोव्हने एका पाळीत १०२ टन कोळसा काढला. नेम सात टनांचा होता. छताला लाकडी टेकू द्यायला दोन साथीदार बरोबर होते, पण ते काही जयघोषात बसले नाहीत. देशभर त्याचं नाव गाजलं आणि पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, उद्योगाउद्योगांतले नेम वाढवले गेले. विक्रम एकाचा, भुर्दंड सगळ्यांना. लिफ्टशेजारी ‘महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी’ म्हणून ज्याचा फोटो लागतो, त्याच्याकडे सहकारी तसं का बघतात, हे यावरून समजावं. त्यात आपल्या कंपन्यांनी बेल कर्व्हची भर घातली: दहा जणांचा गट कितीही गुणी असो, एकाला तळाला बसवायचंच. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये ही उतरंड मोडीत काढली. शेजाऱ्याची अडचण सोडवली की आपला क्रमांक घसरतो, हे कळायला फार हुशारी लागत नाही. आधी अकरा महिने माणसांना एकमेकांशी झुंजवायचं आणि बाराव्या महिन्यात संघभावनेसाठी मुळशीची बस काढायची, याला मात्र खास हुशारी लागते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पैसा म्हणजे सर्वस्व नव्हे. आक्षेप घेणाऱ्याचा पगार सहसा भरपूर असतो, पण तो मुद्दा बाजूला ठेवू. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९६८ च्या गाजलेल्या लेखात हेच मांडलं होतं. पगार, नियम, बसायची जागा या गोष्टी वाईट असतील तर माणूस वैतागतो. चांगल्या असल्या म्हणून पेटून उठत नाही. पेटून उठतो तो करण्यासारखं काम आणि त्याची खरी जबाबदारी मिळाली तर. कंपन्यांनी यातलं पहिलं वाक्य तोंडपाठ केलं आणि दुसऱ्याच्या वेळी त्यांचा फोन वाजला. पगारही नाही आणि जबाबदारीही नाही, उरला पिझ्झा. याउलट हेन्री फोर्ड निदान व्यवहाराला चोख होता. त्याच्या कारखान्यातलं काम इतकं कंटाळवाणं की १९१३ मध्ये सुमारे चौदा हजारांचा ताफा टिकवायला वर्षभरात बावन्न हजारांहून अधिक माणसं भरावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये त्याने नऊ तासांचा दिवस आठ तासांवर आणला आणि दिवसाची मिळकत दुपटीहून वाढवून पाच डॉलर केली. सोडून जाणाऱ्यांचा ओघ दोनेक वर्षांत आटला. माणूस दारू पितो का, घर नीट ठेवतो का, हे पाहायला फोर्डचे तपासनीस घरी जात, हा त्यातला वाईट भाग. आपल्या कंपन्यांनी तेवढाच उचलला आणि त्याला वेलनेस ॲप म्हटलं. काम कंटाळवाणं आहे हे फोर्डने कबूल केलं आणि कंटाळ्याची किंमत मोजली. खर्च वाचवण्याचा याहून चांगला मार्ग क्वचितच सापडला, असं त्याने पुढे लिहूनही ठेवलं. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी आठवड्याला नव्वद तासांचा आग्रह धरला आणि रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, अशी पृच्छा केली. २०२३-२४ मधलं त्यांचं वेतन सुमारे ५१ कोटी, कंपनीतल्या मधल्या कर्मचाऱ्याच्या पाचशेपटींहून जास्त. त्या दरात रविवारच काय, दिवाळीचा पाडवासुद्धा उत्साहात जाईल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: काही माणसं मुळातच कामचुकार असतात. असतात. खुर्चीच्या पाठीवर जॅकेट टाकून दिवसभर गायब होणारा महाभाग प्रत्येक कचेरीत एक तरी निघतोच आणि त्याची बाजू घेण्याचा माझा विचार नाही. पण पाचांतले चार जन्मजात आळशी म्हणायचे, तर चार-चार फेऱ्यांच्या मुलाखती घेणाऱ्यांनी नेमकं पाहिलं काय? आणि हाच माणूस भाद्रपदात बघावा. आठवड्याची टाइमशीट तीनदा आठवण करूनही न भरणारा गृहस्थ मंडळाच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब ठेवतो, पहाटे तीनपर्यंत देखाव्याचं थर्माकोल… नाही, आता बंदी आहे, तर पुठ्ठा कापत बसतो, विसर्जनाच्या गर्दीत दोर धरून दहा-दहा तास उभा राहतो. त्याच्यात उत्साह नाही असं म्हणता येत नाही. तो सोमवार ते शुक्रवार कुठे ठेवायचा नाही, एवढं त्याने ठरवलेलं असतं.

यावर तिसरा आक्षेप चतुर आहे आणि तो मनुष्यबळ विभागाला मनापासून आवडतो: मग माणसं फुकटही राबतात की! आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर वारकरी चालतात, त्यांना कुठे पगार असतो? हे खरं आहे, आणि म्हणूनच दिंडीकडे नीट बघायला हवं. तिथे शिस्त कडक आहे, क्रम ठरलेला आहे, वीणेकऱ्याचा मान आहे, पण कोणाची पावलं कोणी मोजत नाही आणि मागे राहिलेल्याला तळाच्या दहा टक्क्यांत टाकत नाही. वारी वारकऱ्याची स्वतःची असते. कारखान्यात हे जमत नाही म्हणावं तर अहमदाबादेत जमलं होतं. कॅलिको मिल्समध्ये १९५२ मध्ये स्वयंचलित माग आले, पण उत्पादन वाढेना. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांचं एकेक काम वाटून दिलेलं. अख्खा माग कोणाचाच नव्हता. १९५३ मध्ये ए. के. राइस या संशोधकाने सुचवलं की काही मागांचा संच एका छोट्या गटाकडे सोपवावा. कामगारांनी ती कल्पना उचलून धरली आणि कोण कोणाबरोबर काम करणार हे स्वतःच ठरवलं. उत्पादन वाढलं, कापडातले दोष घटले. त्यासाठी ना कोणी दोरीवरून चाललं, ना गरुडाने चोच मोडली. एवढी सोपी युक्ती सत्तर वर्षांत सर्वत्र का पसरली नाही, याचं उत्तरही सोपं आहे. काम गटाच्या हाती गेलं की मोजणाऱ्याला काम उरत नाही, आणि उपाय कोणता करायचा हे ठरवणाऱ्या बैठकीत मोजणारेच बसलेले असतात.

तेव्हा वारीचा दाखला द्यायचाच असेल, तर तो पंढरपूरपर्यंत न्यावा; वाटेत सोयीच्या मुक्कामावर सोडू नये. देव भेटीला आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता. घरच्या कामात, ऑफिसच्या वेळेबाहेर, मन लावून. त्याने मान वर न करता एक वीट मागे सरकवली आणि थांबायला सांगितलं. साक्षात वैकुंठाच्या धन्याने यावर ना कारणे दाखवा नोटीस काढली, ना प्रेरणादायी भाषण केलं. तो विटेवर उभा राहिला आणि अठ्ठावीस युगं झाली, उभाच आहे. अशा साहेबासाठी लाखो माणसं पगाराशिवाय चालत येतात, यात नवल कसलं? मूर्तीकडे एकदा निरखून पाहावं. दोन्ही हात कमरेवर आहेत. पाट्या मोजायची वही धरायला एकही मोकळा नाही.