गोलीचे स्केट्स स्वस्तात कसे घ्यावेत : आमच्या साडूंसाठी नियमावली

इनलाइन हॉकीत, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या स्केट्सवरच्या हॉकीत, गोली (गोलरक्षक) होऊ घातलेल्या मुलांच्या समस्त पालकांसाठी हे मार्गदर्शन आहे. आमचे साडू त्यांपैकी एक आहेत, हा निव्वळ योगायोग समजावा.

नियम पहिला. "गोलीला कुठं पळायचंय, तो तर उभाच असतो," हे वाक्य दुकानात शिरण्याआधी बाहेर चपलांशेजारी काढून ठेवावं. साडूंच्या मते गोली म्हणजे सोसायटीचा वॉचमन. त्याला खुर्ची द्यावी, स्केट्स कशाला? प्रत्यक्षात या खांबापासून त्या खांबापर्यंत आडवं सरकायचं, गुडघ्यांवर पडायचं आणि पुढचा फटका यायच्या आत उठायचं, हे त्याचं सामनाभर चालू असतं. बर्फावरच्या हॉकीत पातं आडवं घसरतं, चाक मात्र जमिनीला धरून बसतं. म्हणजे रिंकवरचं सगळ्यात किचकट स्केटिंग गोलीच्याच वाट्याला. आणि ज्याचं स्केटिंग कच्चं, त्याच पोराला गोलात उभं करायची आपली प्रथा! असो.

नियम दुसरा. क्वाड, म्हणजे पुढे दोन आणि मागे दोन चाकांचे स्केट्स, घेऊ नयेत. क्वाडवर, चेंडूने खेळतात ती रोलर हॉकी. आपली पकवाली, म्हणजे चपट्या चकतीची.

नियम तिसरा, माप. 'वाढत्या अंगाचं' घ्यायची परंपरा मुंजीच्या कपड्यांपुरती ठेवावी. हॉकी स्केट्सचा नंबर नेहमीच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीडने कमीच असतो. उभं राहिल्यावर बोटं टोकाला जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर जरा मागे यावीत, टाच जागची हलू नये. साडूंची योजना दोन नंबर मोठे घेऊन पुढे कापूस कोंबण्याची आहे. अहो, टाच उचलली गेली की पायाचा जोर बुटातच जिरतो, घोटा आत कलतो आणि पोराला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

नियम चौथा. पैसे बुटावर घालावेत, कारण चाकं, बेअरिंग, लेस सगळं पुढे बदलता येतं. टाचेला रबरी ब्रेक असलेले बकलवाले स्केट्स बागेत फिरायला छान. गोलीचं पॅड सोबत न्यावं आणि त्याचा खालचा पट्टा बुटाखालून नीट जातो का, ते दुकानातच बघावं.

नियम पाचवा. सेकंड-हँडची लाज बाळगू नये. 1980 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात हॉकी खेळणाऱ्या ओल्सन भावांना एका दुकानात जुना इनलाइन स्केट सापडला, आणि हॉकीच्या बुटांना चाकं जोडता जोडता त्यांनी रोलरब्लेड कंपनी उभी केली. साडूंना ही गोष्ट फार आवडली. जुन्याचे पैसे द्यावे लागतात, हे तेवढं आवडलं नाही. घेताना फ्रेमचे रिव्हेट हलवून पाहावेत. बुटाचा घोटा दाबून बघावा. लिबलिबीत असेल तर फुकटही नको. चाकांच्या बोल्टच्या खाचा झिजल्या असतील तर ॲलन की नुसती फिरत राहते. चाकं आतून झिजलेली असणारच, ती झिजलेली बाजू बाहेर ठेवून दुसऱ्या पायाला लावावीत.

नियम सहावा. हॉकीच्या बऱ्याच फ्रेमना पुढची चाकं लहान, मागची मोठी असतात. पुढे झुकून धावणाऱ्याला ते सोयीचं. गोलीला सपाट आणि जमिनीलगत हवं, म्हणून चारही चाकं सारखी आणि शक्य तेवढी लहान. खास गोलीच्या काही फ्रेमना पाच छोटी चाकं असतात. मिळाली तर सोडू नये.

चाकावर आकड्यापुढे 'ए' लिहिलेलं असतं, तो त्याचा कडकपणा. 74–76 मऊ, छताखालच्या गुळगुळीत कोर्टासाठी. आपल्या सिमेंटवर ती खोडरबरासारखी संपतात; तिथे ऐंशीच्या पुढचीच घ्यावीत.

नियम सातवा. 'ॲबेक 9' ऐकून हुरळू नये. तो आकडा बेअरिंग किती काटेकोर बनवलंय ते सांगतो, वेग नव्हे. आकार तोच 608, फिजेट स्पिनरमध्ये असतो तो. धुळीच्या रिंकवर साधी बेअरिंग वरचेवर पुसून, तेलाचा थेंब देऊन वापरलेली बरी.

नियम आठवा. रंग पोराला ठरवू द्यावा.

नियम नववा. लेस आवळून पोराला दुकानातच दोन्ही गुडघ्यांवर बसवावं आणि एका पायाच्या रेट्यावर उठायला सांगावं. लोक बघतात, बघू देत. टाच न सुटता तो तीनदा उठला, की मग किंमत विचारावी. साडूंनी ती आत शिरतानाच विचारलेली असते.