एकच खोली दोघांना विकणाऱ्या एजंटास

आनंद नगर, रायसेन रोड, भोपाळ

एजंट महाशय,

तुमचं नाव या पत्रात घालत नाही. तुमच्या धंद्यात तुमच्यासारखे पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाला हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटावं, अशी माझी इच्छा आहे.

कोजागिरीला पचमढीत राहायचं म्हणून आम्ही श्रावणातच तुमच्याकडे खोल्या ठरवल्या. अटी आमच्या दोनच होत्या. खोली तळमजल्यावर हवी आणि संडास कमोडचा हवा. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना जिना चढवत नाही. तुम्ही म्हणालात, ‘मॅडम, बेफिकर रहो, माताजी के लिए ग्राउंड फ्लोर पक्का.’ अ‍ॅडव्हान्स घेतलात. व्हॉट्सअ‍ॅपवर एक रंगीत कागद पाठवलात. त्यावर आमचं नाव, तारखा, हॉटेलचा फोटो, खाली ठळक अक्षरात ‘कन्फर्म्ड’.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप आला की हॉटेलवाल्याने बुकिंग रद्द केलंय. मी हॉटेलात फोन लावला. काउंटरवरच्या मुलाने रजिस्टर पाहून सांगितलं, की खोल्या तुमच्याच नावावर आहेत, आजही आहेत, फक्त त्यांत उतरणारी पार्टी दुसरी आहे. बावीसशेची खोली तुम्ही साडेपाच हजारांना फिरवलीत. हे विचारायला तुम्हाला फोन केला, तर तुम्ही म्हणालात, ‘सीझन है, समझा करो. पैसे वापस कर तो रहे हैं.’

समजून घ्यायला मी तयार आहे, तेव्हा आधी सीझनचंच बोलू. शरद ऋतूत पचमढीला माणसं का लोटतात, हे तुमच्याइतकंच मलाही ठाऊक आहे. पाऊस ओसरलेला असतो, पण धबधबे अजून भरून वाहत असतात. भोपाळात ऑक्टोबरचं ऊन अंगाची काहिली करतं, तेव्हा हजार मीटरहून अधिक उंचीवरच्या त्या पठारावर संध्याकाळी शाल लागते. पावसाळ्यात बंद असलेला सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा 1 ऑक्टोबरला उघडतो. आकाश धुतलेलं, म्हणून धूपगडावरून लांबवरच्या डोंगररांगा दिसतात. धूपगड म्हणजे साऱ्या सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर, साधारण 1350 मीटर. त्यातच दसरा ते दिवाळी सुट्ट्या. विदर्भातून, गुजरातेतून, इंदूर-भोपाळातून गाड्या निघतात.

आणि खोल्या मोजक्याच. गाव लष्करी छावणीचं, भोवती राखीव जंगल. 1999 साली जाहीर झालेलं जीवावरण राखीव क्षेत्र त्याच्या चहूबाजूंना आहे. तिथे कुणीही उठून दहा मजली हॉटेल बांधू शकत नाही, आणि ते चांगलंच आहे. पण त्यामुळे तिथली प्रत्येक खोली मोलाची होते, आणि ती ज्याच्या हातात आहे त्याच्या शब्दावर माणसं विसंबतात. तुमचा सगळा धंदा या टंचाईवर उभा आहे. टंचाई आहे म्हणून भाव चढवा, त्याला माझी हरकत नाही. श्रावणात साडेपाच हजार सांगितले असते, तर आम्ही परवडतंय का ते पाहिलं असतं, नाहीतर तारीख बदलली असती. तुम्ही मात्र कमी भावात आमचा शब्द बांधून घेतलात आणि स्वतःचा मोकळा ठेवलात.

‘पैसे परत केले’ हे तुमचं हुकमी उत्तर आहे. पैसे परत आले, मान्य. पण तुम्ही घेतलं होतं ते नुसते पैसे नव्हेत. मधले सगळे महिने घेतलेत. त्या महिन्यांत तळमजल्याच्या इतर खोल्या मोकळ्या होत्या, राणी कमलापती स्टेशनाहून पिपरियाची तिकिटं होती, पिपरियाहून वर नेणारी जीपही ठरवता आली असती. पौर्णिमा चार दिवसांवर आलेली असताना परत आलेल्या अ‍ॅडव्हान्समध्ये यातलं काहीच विकत मिळत नाही. भारतीय करार कायदा 1872चा आहे. त्याचं कलम 73 सांगतं, की करार मोडणाऱ्याने त्यातून झालेल्या नुकसानीची भरपाई द्यायची. घेतलेले पैसे परत टाकले की सुटलो, असं कायदा म्हणत नाही.

आता ज्यांची खोली तुम्ही विकलीत त्यांच्याविषयी थोडं ऐका. सासूबाईंचे वडील मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सचिवालयात कारकून होते. तेव्हा राजधानी नागपूर. उन्हाळा आला की सरकार पचमढीला चढायचं आणि त्यासोबत फायलींच्या पेट्या, चपराशी आणि कारकुनांची बिऱ्हाडंही चढायची. सासूबाईंना त्या वाटेवरचा मटकुलीचा मुक्काम आठवतो, देनवा नदीचं पाणी आठवतं, घाटात उलट्या झाल्यावर आईने हातावर ठेवलेली आवळकाठी आठवते. 1 नोव्हेंबर 1956ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला आली, आणि नागपूरच्या कितीतरी मराठी कारकुनांप्रमाणे त्यांचे वडीलही घरदार उचलून इथे आले. पुढे लग्न झालं ते भेल कारखान्यातल्या नोकरदाराशी. पिपलानीच्या क्वार्टरमध्ये संसार झाला आणि निवृत्तीनंतर आनंद नगरात घर बांधलं. भोपाळातल्या हजारो मराठी घरांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे.

त्यांना पुन्हा एकदा पचमढी पाहायची होती. धूपगडावर जायचा हट्ट नव्हता, अप्सरा विहाराच्या पायऱ्या तर त्यांनी स्वतःहूनच यादीतून काढल्या होत्या. खोलीपुढच्या अंगणात खुर्ची टाकून, शाल पांघरून आटवलेलं दूध प्यायचं, एवढाच बेत होता. त्यासाठी केशर-वेलदोड्याची पूड आधीच करून छोट्या डबीत भरून ठेवली होती. वाट ठरली होती: पटेल नगराहून बायपासने ग्यारह मील, मंडीदीप, औबेदुल्लागंज. भीमबेटकाला आत जायचं नाही, पण फाट्याशी थांबून नातवंडांना सांगायचं, की इथली चित्रं 1957 साली विष्णु श्रीधर वाकणकरांनी, आपल्या एका मराठी माणसाने, जगापुढे आणली. मग नर्मदेच्या पुलावर गाडी हळू करायची, माखननगर, सोहागपूर, पिपरिया. आजींना दर तासाने पाय मोकळे करता यावेत, म्हणून कुठे थांबायचं तेही वहीत लिहून ठेवलं होतं.

हे सगळं सांगते ते तुम्हाला पाझर फुटावा म्हणून नाही. तुम्ही नेमकं कुणाला लुबाडता, ते तुम्हाला कळावं म्हणून सांगते. उनाड पोरांचं टोळकं शुक्रवारी रात्री उठतं, गाडी काढतं, खोली नाही मिळाली तर गाडीतच झोपतं. त्यांना तुम्ही फसवूच शकत नाही, कारण ते आधी ठरवतच नाहीत. तुमच्या तावडीत सापडतात ती आधीपासून ठरवणारी माणसं. ज्याला रजेचा अर्ज महिनाभर आधी द्यावा लागतो, ज्याच्या घरात म्हातारं माणूस आहे, ज्याला औषधांच्या वेळा पाळायच्या आहेत, ज्याच्या कडेवर तान्हं मूल आहे, ज्याचं बजेट ठरलेलं आहे. जो जितका जबाबदार, तितका तुमच्या हाती अलगद सापडणारा. या लोकांचे अ‍ॅडव्हान्स घेऊन तुम्ही खोल्या अडवून ठेवता, आणि ऐनवेळी येणाऱ्याकडे दुपटीने पैसे दिसले की पहिल्याला वाऱ्यावर सोडता. हुशारी आहे, नाही म्हणत नाही. पण तिला व्यापार म्हणू नका. व्यापारी दिल्या शब्दाला माल देतो, भाव पडला तरी देतो आणि चढला तरी देतो.

ज्या डोंगराच्या जिवावर तुमचं पोट भरतं, तिथली रीतही बघा जरा. नागपंचमीच्या सुमारास विदर्भातून हजारो माणसं नागद्वारीच्या यात्रेला येतात, महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात. त्या वाटांवर विदर्भातलीच मंडळं अनोळखी माणसांना जेवायला घालतात. पावसात चिंब झालेल्याला आडोसा देताना तिथे कुणी भाव विचारत नाही. तुम्ही अन्नछत्र चालवावं असं मी म्हणत नाही. पैसे घ्या, नफा कमवा, पण एक खोली एकालाच द्या.

तुमच्यासाठी आणखी एक माहिती. ग्राहक संरक्षण कायदा, 2019, हा 20 जुलै 2020पासून लागू आहे. पैसे घेऊन ठरलेली सेवा न देणं याला त्यात सेवेतील त्रुटी म्हणतात. तक्रारीसाठी मला तुमच्या गावी यावं लागत नाही. मी राहते तिथल्या, म्हणजे भोपाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात ती दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील लावायची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची. तुमचा तो रंगीत कागद, पैसे पाठवल्याची नोंद आणि तुमचे सगळे निरोप मी छापून फाइलला लावलेत. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून झाली आहे, आयोगाकडचा अर्जही लिहून तयार आहे. भरपाईची रक्कम मी मोठी मागितलेली नाही. दुसरीकडे खोली घेताना जो जास्तीचा पैसा लागला असता तो, आणि तुम्ही असं वागलात याची लेखी कबुली. या दुसऱ्या मागणीवर मी अडून राहणार आहे.

सासूबाईंनी तुमच्याबद्दल एक अवाक्षरही काढलं नाही. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणाल्या. या वयातल्या माणसाचं एक शरद काय मोलाचं असतं, ते तुमच्या घरात कुणी वडीलधारं असेल तर त्यांना विचारा.

आणि दसऱ्या-दिवाळीला पचमढीचा बेत आखणाऱ्या भोपाळकरांना, नागपूरकरांना, सगळ्यांनाच एक विनंती. एजंटाचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा कागद म्हणजे बुकिंग नव्हे. पैसे भरायच्या आधी हॉटेलच्या काउंटरवर स्वतः फोन करा, खोली तुमच्या नावावर लिहिलीय का ते विचारा, आणि पावती हॉटेलच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह मागा. राज्य पर्यटन महामंडळाची तिथे अनेक हॉटेलं आहेत, त्यांचं आरक्षण थेट त्यांच्या संकेतस्थळावर करता येतं. निघायच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा फोन करा. आणि कुणी तुमची खोली दुसऱ्याला विकली, तर ‘जाऊ दे, पैसे तर मिळाले’ म्हणून गप्प बसू नका, तक्रार करा. आपण गप्प बसतो म्हणूनच एक खोली दोनदा विकली जाते.

आनंद नगरातली एक गृहिणी