शेजारणीचा संशय आणि डॉक्टरांचं आडनाव

"वहिनी, कढीपत्ता हवा तेवढा तोडा. आणि ऐका, तुम्ही परवा विचारत होतात ना, हे अल्झायमर काय प्रकरण आहे? अहो, माणूस होता तो! जर्मन डॉक्टर, आलोइस अल्झायमर. आमच्या मेडिकलवाल्या नातवाकडून सगळं काढून घेतलं."

"अगंबाई, मला वाटलं औषधाच्या कंपनीचं नाव असेल."

"फ्रँकफुर्टला वेड्यांच्या इस्पितळात होता. १९०१च्या नोव्हेंबरात तिथे एक बाई आणली, आउगुस्टे डेटर. वय अवघं ५१. नवरा रेल्वेत कारकून. आणि सुरुवात कशाने झाली ठाऊक आहे? नवरा शेजारणीबरोबर फिरायला जातो म्हणून संशय!"

"जात होता का खरंच?"

"तेवढं मात्र नातवाला ठाऊक नाही! बाकी डॉक्टरांनी सगळं टिपून ठेवलंय. नाव काय? आउगुस्टे. आडनाव? आउगुस्टे. नवऱ्याचं नाव? आउगुस्टेच असावं. ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस, काय खाता विचारलं तर म्हणे पालक. सही करायला सांगितली, तर 'श्रीमती' एवढं लिहिलं आणि पुढचं विसरली."

"बिचारी. मग तिचंच नाव द्यायचं की रोगाला!"

"रोग्याला कोण विचारतंय? बरं, त्यानेही काही स्वतःचं नाव लावून घेतलं नाही हो. १९०६ला बाई गेली. तोवर हा म्युनिकला, एमिल क्रेपेलिनच्या हाताखाली. मेंदू तिथे मागवून घेतला, काप रंगवून पाहिले, तर पेशींत धाग्यांचा गुंता आणि बाहेर कसलेसे थर साचलेले. नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या सभेत सगळं मांडलं. एकाही डॉक्टरने प्रश्न विचारला नाही."

"मग नाव आलं कुठून?"

"साहेबाने दिलं! क्रेपेलिनचं पाठ्यपुस्तक म्हणजे तेव्हाचं प्रमाण. १९१०च्या आवृत्तीत 'अल्झायमरचा रोग' असं छापून मोकळा. प्रागवाल्यांवर कुरघोडी करायची होती म्हणतात. तिथे ऑस्कर फिशर १९०७मध्येच म्हाताऱ्यांच्या मेंदूतले थर दाखवत होता, १६ पैकी १२ जणांत. ऐकलंत कधी त्याचं नाव?"

"नाही बाई."

"ज्यू होता. १९४२ साली टेरेझिनला नाझींच्या कैदेतच वारला. अल्झायमर तरी कुठे फार जगला? १९१५, वय ५१. त्या बाईला इस्पितळात आणलं तेव्हाचंच."

"म्हणजे तुमच्या सासूबाईंना हेच झालं होतं की काय? आंघोळ झालेली असायची आणि पुन्हा पाणी तापवा म्हणायच्या."

"कोण जाणे. पण खरी गंमत पुढे आहे. ते नाव कितीतरी वर्षं फक्त पन्नाशी-साठीच्या आतबाहेरच्यांनाच लावत. ऐंशीच्या माणसाचं आपलं म्हातारपण! दोन्हींत रोग तोच, हे डॉक्टरांमध्ये रुजायला १९७०नंतरची वर्षं उजाडली. सासूबाई विसरायला लागल्या १९६५च्या सुमाराला. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. मी मनातल्या मनात किती बोल लावला त्यांना! पण त्यांच्या पुस्तकातच तसं होतं."